फुला-लाकडांच्या रंगांचा माग काढणारे डॉ. वेंकटरामन, पाषाणच्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक

बारामती/इंदापूर : गेल्या पावसाळ्यात आमची एचएफ गाय व्यायली आणि आठव्या दिवशी तिनं खाणं सोडलं. पेंडीला तोंड लावंना, मक्याची कुट्टी गव्हाणीत तशीच. दूध निम्म्यावर आलं. डॉक्टर आले, त्यांनी गाईच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि किटोसिस झालाय म्हणून सांगितलं. मीही वास घेऊन बघितला. गोडसर, पण जरा वेगळाच. घरातल्या पोरी नखांचा रंग पुसायला जे औषध वापरतात ना, त्याच जातीचा वास.

दूध जास्त आणि पोटात खाणं कमी, असं झालं की गाय अंगातली चरबी जाळायला लागते. ती चरबी लिव्हरमध्ये नीट जळत नाही आणि रक्तात किटोन साचतात. त्यातलाच एक ॲसिटोन, तो श्वासातून आणि दुधातून बाहेर पडतो. शिरेतून ग्लुकोज दिलं, तोंडावाटे औषध पाजलं, गाय चार दिवसांत उभारीला आली. आपल्या बारामती-इंदापूरच्या दूधपट्ट्यात हा आजार कुणाला नवा नाही.

नवी गोष्ट पुढं आहे. माझा पुतण्या बारामतीला एमएस्सी करतोय, ऑर्गॅनिक केमिस्ट्री घेऊन. गोठ्यात उभा राहून त्यानं मला ॲसिटोन म्हणजे किटोनांतला सगळ्यात धाकटा, असं समजावलं. मग घरातून पुस्तक आणून दाखवलं. त्यात रिॲक्शनांना शोधणाऱ्यांची नावं दिलेली. पानामागून पान गोऱ्या साहेबांची नावं, बहुतेक जर्मन नाहीतर इंग्रज. आणि मधेच एका ठिकाणी बेकर-वेंकटरामन. हे वेंकटरामन सर आपल्या पुण्यात, पाषाणच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत होते, असं पुतण्या म्हणाला. पुण्याला जाता-येता एनसीएलच्या कुंपणावरून मी शंभर वेळा गेलो असेन. हे नाव कधी कानावर आलं नव्हतं.

म्हणून हा लेख.

आधी अल्डिहाइड आणि किटोन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मीही बारावी सायन्स केलंय, पण तेव्हा हा धडा पाठ केला, कळला नाही. प्रॅक्टिकलला अल्डिहाइडचा चांदीचा आरसा करायचा होता. परीक्षानळीच्या आतून चांदीचा थर चढतो आणि नळी आरशासारखी चमकते. माझ्या नळीत नुसता काळा गाळ बसला. नळी स्वच्छ धुतली नव्हती, एवढंच कारण. ते मला वीस वर्षांनी कळलं.

तर, कार्बन आणि ऑक्सिजन यांची दुहेरी गाठ बसली की तिला कार्बोनिल म्हणायचं. ही गाठ साखळीच्या टोकाला असेल तर अल्डिहाइड. दोन्ही बाजूंनी कार्बन असतील, म्हणजे गाठ मधे असेल, तर किटोन. वस्तीच्या टोकाचं घर आणि गल्लीतलं मधलं घर, असा फरक धरा. टोकाच्या घराला एक बाजू उघडी, तिथं फक्त हायड्रोजन. त्यामुळं अल्डिहाइड पटकन ऑक्सिजन घेऊन आम्ल होतं. मधल्या घराला दोन्हीकडून शेजार, किटोन सहजी हलत नाही.

उदाहरणं आपल्या भोवतीच आहेत. मळीपासून अल्कोहोल होतं, अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड आणि त्यापासून ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट. दारू पिणाऱ्याच्या लिव्हरमध्येही हाच प्रवास होतो. दालचिनीचा वास अल्डिहाइडचा, जिऱ्याचाही अल्डिहाइडचाच. ग्लुकोज अल्डिहाइड जातीची साखर आहे आणि फ्रुक्टोज किटोन जातीची. आपली खायची साखर म्हणजे या दोघांची जोडी. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की ही जोडी फुटायला लागते. फुटलेल्या जोडीची दाणेदार साखर होत नाही, आणि उतारा घसरतो. टोळी वेळेवर आली नाही म्हणून आपण ज्या नुकसानीची बोंब मारतो, तिचं रसायन हे असं आहे.

आणखी एक खुलासा. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला शेणखत आणि जीवामृत आठवतं. तसं नाही. कार्बनच्या पदार्थांचं शास्त्र ते सेंद्रिय रसायनशास्त्र. त्यात हळद येते आणि फवारणीचं औषधही येतं.

आता मूळ माणसाकडं येऊ.

कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा जन्म १९०१ साली मद्रासचा. शिक्षण तिथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात झालं. एमए झाल्यावर शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला मँचेस्टरला गेले. मँचेस्टर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव, आणि कापड आलं की रंग आला. तिथं त्यांना गुरू मिळाले रॉबर्ट रॉबिन्सन. या रॉबिन्सन साहेबांना पुढं १९४७ साली नोबेल मिळालं.

रॉबिन्सन यांचं एक काम आपल्या शेतकऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावं. दोन टोकांना अल्डिहाइड असलेला एक पदार्थ, एक किटोन आणि एक अमाईन अशी तीन साधी माणसं एका भांड्यात आणून त्यांनी १९१७ साली ट्रोपिनोन बनवलं. फवारणी करताना विषबाधा झाली की दवाखान्यात ज्या ॲट्रोपीनच्या इंजेक्शनानं माणूस वाचतो, त्या ॲट्रोपीनच्या रेणूचा सांगाडा म्हणजे हेच ट्रोपिनोन. जी गोष्ट धोतऱ्याच्या कुळातली झाडं स्वतःच्या अंगात करतात, ती त्यांनी भांड्यात करून दाखवली.

रंगांच्या दुनियेत गुरुपरंपराही बघण्यासारखी आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज पोरानं कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. त्या पर्किनचा मुलगा रॉबिन्सनचा गुरू. आणि रॉबिन्सनचे शिष्य आपले वेंकटरामन. म्हणजे पहिल्या कृत्रिम रंगाच्या शोधापासून मोजलं तर ते चौथ्या पिढीचे.

मँचेस्टरला त्यांचा विषय ठरला तो आयुष्यभर सुटला नाही. झाडांच्या फुलात, सालीत, लाकडात जो पिवळा रंग असतो, त्यातला बराचसा फ्लेव्होन आणि त्याच्या भावकीचा असतो. कांद्याच्या सालीचा रंग त्याच भावकीतला. रंगपंचमीला पळसाची फुलं उकळून जो केशरी रंग काढतात, तोही त्यांचाच चुलतभाऊ, आणि तो तर सरळसरळ किटोन आहे. हे रंग झाडात असतात हे माहीत होतं. ते प्रयोगशाळेत बनवायचे कसे, हा प्रश्न होता. एखाद्या झाडातून काढलेल्या रंगाचा सांगाडा आपण कागदावर मांडला तो बरोबर की चूक, हे ठरवायचं तर तोच पदार्थ हातानं बनवून ताडून बघावा लागायचा. आजच्यासारखी यंत्रं तेव्हा नव्हती.

परत आल्यावर थोडे दिवस बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काढून ते लाहोरला फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवायला लागले. फाळणीच्या आधीचं लाहोर. शिकवायचं आणि शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना घेऊन संशोधन करायचं, असा क्रम. ज्या रिॲक्शननं त्यांचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं, ती या काळातली.

ती रिॲक्शन मी पुतण्याकडून तीनदा समजून घेतली, तेव्हा कुठं डोक्यात शिरली. माझ्या भाषेत सांगतो. ज्यांच्याकडं द्राक्षबाग आहे त्यांना चटकन कळेल, कारण हा कलमाचाच प्रकार आहे.

एक किटोन घ्यायचा, सहा कार्बनांच्या कड्याला चिकटलेला. कड्यावर त्याच्या शेजारच्या जागेला एक ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. त्या ऑक्सिजनवर दुसऱ्या एका आम्लाचा तुकडा जोडायचा. इथपर्यंत सोपं. आता त्यात अल्कली घालायची. अल्कली काय करते, तर किटोनच्या शेजारच्या कार्बनमधून एक हायड्रोजन काढून घेते. तो कार्बन मोकळा होतो, हपापलेला होतो. आणि पलीकडं ऑक्सिजनवर बसवलेला तो तुकडा उचलून स्वतःवर ओढून घेतो. एका फांदीवरचा डोळा काढून दुसऱ्या फांदीवर भरावा तसं. झाड तेच, डोळ्याची जागा बदलली.

या अदलाबदलीनंतर जो पदार्थ हाती येतो त्यात दोन किटोन असतात आणि दोघांच्या मधे एकच कार्बन. अशा जोडकिटोनाला डायकिटोन म्हणतात. नंतर आम्लात तापवलं की पाणी निघून जातं, कडं बंद होतं आणि फ्लेव्होन तयार.

हे डायकिटोन प्रकरण अवघड वाटत असेल तर हळद आठवा. हळदीतला पिवळा पदार्थ कर्क्युमिन. त्याच्या बरोबर मध्यावर असेच दोन किटोन, मधे एक कार्बन. हळदीला चुना लावला की लाल होते, हे आपल्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. हळदीचं कुंकू पूर्वी असंच करायचे. चुना म्हणजे अल्कली. अल्कली लागल्यावर हळदीच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो आणि रंग पालटतो. म्हणजे आपल्या आज्या जे पाट्यावर करत होत्या, त्याच जातीचा खेळ लाहोरच्या काचेच्या भांड्यात चालला होता. आज्यांनी तो रंगासाठी केला, यांनी त्यातून नवी वाट काढली.

आता नावाबद्दल. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर नावाचे शास्त्रज्ञ याच वाटेनं चालले होते. त्यांचा लेख १९३३ साली छापून आला. वेंकटरामन यांचा लंडनच्या केमिकल सोसायटीच्या मासिकात १९३४ साली. दोघांनी आपापल्या जागी वेगवेगळं काम केलं होतं, म्हणून जगानं नाव दोघांचं दिलं, बेकर-वेंकटरामन. हे न्यायाचं झालं. पण त्या १९३४ च्या लेखावर दोन नावं आहेत आणि त्यातलं पहिलं नाव एच. एस. महल असं आहे. भांडी घासण्यापासून ते पदार्थ शुद्ध करण्यापर्यंतचं काम असल्या संशोधनात विद्यार्थ्याच्याच हातून होतं. रिॲक्शनच्या नावात महल आले नाहीत. हा सगळीकडचाच रिवाज आहे, सालगड्यानं पिकवावं आणि पट्टी मालकाच्या नावावर निघावी तसा. वेंकटरामन यांनी निदान विद्यार्थ्याचं नाव लेखावर आधी ठेवलं, हे मला मोठं वाटतं. आज पुस्तक वाचणाऱ्या पोरांनी महल हे नावही पाठ करायला हरकत नाही.

१९३४ सालीच ते मुंबईला आले. मुंबई विद्यापीठानं आदल्या वर्षी, १९३३ मध्ये, केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला होता. यूडीसीटी म्हणून तो नावाजला, आता त्याला आयसीटी म्हणतात, माटुंग्याला आहे. मुकेश अंबानी तिथलेच. वेंकटरामन तिथं रंगांचा विषय शिकवायला लागले आणि १९३८ साली त्या विभागाचे संचालक झाले. पहिले भारतीय. वय सदतीस.

ती वेळ कशी होती बघा. मुंबईत गिरण्याच गिरण्या, पण कापडाला लागणारा रंग जर्मनीचा, इंग्लंडचा, स्वित्झर्लंडचा. ज्या देशानं जगाला नीळ पुरवली तो देश रंग विकत घेत होता. नीळ कशी बुडाली, हेही सांगतो. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडची निळीची शेती झोपली. बिहारमधल्या चंपारण्यात मळेवाल्या साहेबांनी आपला तोटा कुळांच्या डोक्यावर टाकला, खंड वाढवला. त्यातूनच गांधीजी १९१७ साली तिथं गेले. परदेशातल्या प्रयोगशाळेत एक भांडं उकळलं आणि इथल्या शेतकऱ्याचं घर बसलं. शेतीचा आणि रसायनशास्त्राचा काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी हेच सांगतो.

त्या निळीच्या रेणूतही दोन कार्बोनिल गाठी आहेत. मंजिष्ठाच्या लाल रंगात तशाच. या गाठींमुळंच तो रंग कापडात मुरतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. पण तिच्या त्या गाठी तात्पुरत्या सोडवल्या, म्हणजे त्यातल्या ऑक्सिजनला हायड्रोजन दिला, की ती अल्कलीच्या पाण्यात विरघळते आणि पिवळट दिसते. कापड त्यात बुडवायचं आणि बाहेर काढून वाऱ्यावर धरायचं. हवेतला ऑक्सिजन लागतो, गाठ परत बसते आणि डोळ्यादेखत पिवळ्याचं निळं होतं. धुतलं तरी जात नाही, कारण रंग धाग्याच्या आत अडकलेला. असल्या रंगांवर वेंकटरामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत भरपूर काम केलं.

दुसरं महायुद्ध लागलं आणि जर्मन माल बंद झाला. स्वातंत्र्यानंतर इथं रंगाचे कारखाने उभे राहू लागले, गुजरातेत १९४७ साली अतुल निघालं, मुंबईच्या आसपास लहानमोठे युनिट निघाले. त्यांना लागणारी शिकलेली माणसं पुरवण्यात यूडीसीटीचा मोठा वाटा. तिथून बाहेर पडलेल्या पोरांनी नुसत्या नोकऱ्या केल्या नाहीत, कारखाने काढले.

१९५२ साली वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कहून दोन खंडांत निघाला. रंग कसा बनतो, कापडाला कसा धरतो, उन्हात का उडतो, सगळं एका जागी. जगभरच्या रंग कारखान्यांच्या कपाटात तो गेला. जर्मनांनी आपली विद्या पेटंटांच्या कागदांत दडवून ठेवलेली. ती सोडवून, लावून, क्रमानं मांडण्याचं काम मुंबईत बसलेल्या एका मद्रासी प्राध्यापकानं केलं. पुढं त्यांच्या संपादनाखाली खंड वाढत गेले, १९७८ पर्यंत आठ झाले.

पुण्याची एनसीएल नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० ला सुरू झालेली. पहिले दोन संचालक परदेशी, मॅकबेन आणि फिंच. १९५७ साली वेंकटरामन आले, तिसरे संचालक आणि पहिले भारतीय. १९६६ पर्यंत त्यांनी कारभार बघितला. मधे १९६१ साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्यानंतर खुर्चीवर बसले डॉ. बा. द. टिळक, तेही यूडीसीटीतच तयार झालेले. पुढं डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी यांचं शिक्षणही यूडीसीटीत आणि पीएचडी एनसीएलमध्ये. ती पीएचडी १९६९ ची, म्हणजे वेंकटरामन यांनी संचालकपद सोडल्यानंतरची. पण वाट तीच, माटुंगा ते पाषाण.

मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम पाषाणचं आहे. एवढा मोठा माणूस, कृत्रिम रंगांचा जगात जाणकार, आणि पुण्यात येऊन त्यानं परत झाडांकडं तोंड वळवलं. लाखेचा लाल रंग घेतला. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बसणाऱ्या किड्याची. आपल्याकडं हा रंग शेकडो वर्षं वापरात होता, पण त्याच्या रेणूचा सांगाडा नक्की कसा, हे कोडं होतं. ते सोडवण्यात एनसीएलमधल्या त्यांच्या गटाचा मोठा हात. फणसाच्या लाकडातला पिवळा रंग घेतला. बौद्ध भिक्खूंची चीवरं फणसाच्या लाकडानं रंगवायचे, तो रंग. त्यातले फ्लेव्होन एकेक करून वेगळे काढले, त्यांचे सांगाडे मांडले. आणि तुती घेतली. आपल्याकडं रेशीमशेतीसाठी तुती लावणारे शेतकरी आहेत, त्यांना पाल्याशी काम. वेंकटरामन यांनी तुतीची साल घेतली आणि तिच्यातून नवे फ्लेव्होन काढले.

म्हणजे तिशीत लाहोरला ज्या फ्लेव्होनची चावी बनवली, साठीनंतर पाषाणला तीच कुलुपं उघडत बसले. संचालकपद सोडल्यावरही प्रयोगशाळा सुटली नाही. १९८१ साली ते वारले तोवर काम चालूच होतं. त्यांची मुलगी धर्मा कुमार यांनी वेगळी वाट धरली. त्या आर्थिक इतिहासाच्या मोठ्या अभ्यासक झाल्या, आणि त्यांचं गाजलेलं पुस्तक दक्षिण भारतातली जमीन, जात आणि शेतमजूर यांवर आहे.

पुतण्याची या महिन्यात परीक्षा आहे. बेकर-वेंकटरामन रिॲक्शन हमखास येते म्हणे, सात-आठ मार्कांना. परवा रात्री तो ओट्यावर बसून बाण काढत होता, ऑक्सिजनवरून कार्बनवर. मी धार काढून आलो आणि दोन किटोनांच्या मधल्या कार्बनवर बोट ठेवून विचारलं, चुना लागल्यावर हायड्रोजन सुटतो तो इथलाच का. तो म्हणाला या रिॲक्शनमध्ये इथलाच, हळदीत मात्र कडेच्या ओएचचाही हात आहे, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मग हळदीचा अख्खा रेणू त्यानं वहीच्या मागच्या पानावर काढून दिला. तो कागद गोठ्यातल्या औषधांच्या डब्यावर चिकटवलाय.